तिकीट काढण्याआधी

१. बी.ए. झालं की समुपदेशक होता येतं का?

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं की समुपदेशक होता येतं का? प्रवेशाच्या खिडकीपाशी हा प्रश्न पालक विचारतात आणि तीन वर्षांनी निकाल हातात आल्यावर मुलं तोच पुन्हा विचारतात. सरळ उत्तर असं, की नुसत्या बी.ए.वर होता येत नाही. आपल्याकडे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे सगळे जिला आरसीआय म्हणतात तिच्या, नोंदवहीत नाव असावं लागतं. १९९२ च्या कायद्यानुसार मान्य पात्रता आणि नोंदणी नसताना हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, पण त्याच्या शेजारीच कैदही आहे. या नोंदणीचा आजवरचा रूढ रस्ता म्हणजे बी.ए., मग एम.ए., मग मान्यताप्राप्त संस्थेतलं दोन वर्षांचं एम.फिल. बेंगळुरूचं निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था ही त्या रस्त्यावरची जुनी ठिकाणं. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली, पण या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. म्हणून या वाटेने जायचं असेल त्याने आपल्या प्रवेशाच्या वर्षीचे नियम स्वतः वाचावेत, सीनियरने कँटीनमध्ये सांगितलेल्या नियमांवर विसंबू नये. शाळा-कॉलेजांतल्या समुपदेशकाला ही नोंदणी लागत नाही, तरी जाहिरातीत बहुधा एम.ए. आणि वर समुपदेशनाची पदविका मागितलेली असते. शिवाय २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा कायद्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञांचाही समावेश आहे, त्यामुळे नियम पुढे सैल होतील अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

म्हणजे अठराव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाचं फळ पंचविशीच्या आसपास मिळणार. इतक्या लांबच्या गाडीचं तिकीट काढण्याआधी डब्यात थोडा वेळ बसून पाहता येईल का? या प्रकरणाचं म्हणणं असं आहे की येईल, आणि कॉलेजातले उपक्रम त्याचसाठी वापरायला हवेत. आज ते मुख्यतः प्रमाणपत्रांची फाइल जाड करायला वापरले जातात. स्वयंसेवक म्हणून दोन दिवस, कार्यशाळा एक दिवस, वेबिनार दीड तास. प्रत्येकाचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जातं आणि ज्याने ते मिळवलं त्याला स्वतःबद्दल नवं काहीच कळलेलं नसतं. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी हे करू नये, कारण मन स्वतःला कसं फसवतं याचा अभ्यास त्याच्या पाठ्यपुस्तकातच आहे. तो अभ्यास तो परीक्षेत लिहितो, स्वतःवर मात्र वापरत नाही.

२. ‘सगळे मलाच येऊन सांगतात’

मानसशास्त्र का घेतलं, असं विचारलं की एक उत्तर हमखास येतं: ‘मैत्रिणी त्यांचे सगळे प्रॉब्लेम मलाच सांगतात.’ उत्तर प्रामाणिक असतं. पण ते पुरावा म्हणून किती टिकतं, हे पाहायला १९४८ मधला एक प्रयोग उपयोगी पडेल. बर्ट्राम फोरर या अमेरिकी प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती ‘तुझं’ म्हणून एकेक वर्णन दिलं. ते किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं आणि त्यातली बरीचशी वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. कुणालाही लागू पडणारं वाक्य आपल्याला खास आपल्यासाठी लिहिल्यासारखं वाटतं. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य नेमकं आपल्यालाच कसं लागू पडतं, त्याचं कारण हेच.

आता ‘सगळे मलाच सांगतात’ हे वाक्य फोररच्या वर्णनातल्या वाक्यांच्या यादीत घालून पाहा. आपल्याजवळ मन मोकळं करणारी दोन-चार माणसं प्रत्येकाला असतात, आणि ती इतर कुणाकुणाजवळ मोकळी होतात याची नोंद आपल्याकडे नसते. वर्गात एक सोपा खेळ करता येईल. चिठ्ठ्या वाटायच्या, नाव लिहायचं नाही, आणि ‘लोक माझ्याकडे मन मोकळं करतात’ या वाक्याला पाचपैकी गुण मागायचे. सोबत आणखी दोन वाक्यं ठेवायची: ‘एकच माहिती चाळीस वेळा न कंटाळता लिहू शकतो’ आणि ‘समोरच्याने माझा सल्ला धुडकावला तरी पुढच्या आठवड्यात त्याचं तितक्याच शांतपणे ऐकू शकतो’. पहिल्या वाक्याला जवळजवळ सगळेच चार-पाच गुण देत असतील, तर ते वाक्य माणसामाणसांत फरक करत नाही, आणि जे फरक करत नाही त्यावर करिअर ठरवता येत नाही. उरलेल्या दोन वाक्यांवर गुण विखुरले तर तिथे काही सापडण्याची शक्यता आहे. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. चाचणी कशी बनते, चांगला प्रश्न कोणता आणि वाईट कोणता, हेही त्यात जाता जाता समजतं.

३. आपल्या आवडीचं भाकीत

यापुढची अडचण अधिक खोल आहे. एखादं काम आपल्याला आवडेल की नाही, हे आपण डोळे मिटून कल्पनेने ठरवतो. समुपदेशकाची खोली डोळ्यांसमोर येते: दोन खुर्च्या, कुंडीतलं झाड, टिश्यूचा खोका, समोर रडून हलकं झालेलं माणूस. त्या चित्रात फायलींचं कपाट नसतं. वेळ घेऊन न आलेला पालक नसतो. पंगतीत भुकेच्या भरात पाच जिलब्या वाढून घेणाऱ्याला तिसऱ्या जिलबीला काय होणार हे त्या क्षणी दिसत नाही, तसंच हे. डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी अशा भाकितांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की पुढे आपल्याला किती सुख किंवा दुःख होईल याचा अंदाज माणसं सातत्याने चुकवतात.

त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय साधा आहे आणि कुणालाच आवडत नाही: ज्याने तो अनुभव घेतलाय त्याला विचारा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तरुणींना एका अनोळखी तरुणाशी पाच मिनिटं गप्पा मारायच्या होत्या आणि त्या किती आवडतील याचं भाकीत आधी करायचं होतं. काहींना त्याचा फोटो आणि माहिती दिली. काहींना फक्त एवढंच सांगितलं, की आधी भेटलेल्या एका मुलीला गप्पा किती आवडल्या होत्या. दुसऱ्या गटाची चूक जवळपास निम्म्यावर आली. तरीही बहुतेकींचं मत हेच राहिलं, की फोटो आणि माहितीवरूनच नीट अंदाज येतो. पाच मिनिटांच्या गप्पा कुठे आणि आयुष्यभराचा व्यवसाय कुठे, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. एकाची आवड दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. म्हणून एकाला विचारून थांबू नये, तिघांना विचारावं. आणि मत विचारू नये, दिवस विचारावा.

‘तुम्हाला तुमचं काम आवडतं का?’ या प्रश्नाला लोक सभ्य उत्तर देतात. ‘गेल्या मंगळवारी सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?’ या प्रश्नाला खरं उत्तर येतं. शाळेतला समुपदेशक सांगेल, की पहिल्या तासाला शिक्षक गैरहजर म्हणून सातवीच्या वर्गावर पाठवलं, मग दोन मुलांशी बोललो, एकाचे वडील आलेच नाहीत, दुपारी मुख्याध्यापकांना अहवाल दिला. दवाखान्यातला सांगेल, की एका मुलाची बुद्धिमापन कसोटी घेण्यात सकाळ गेली आणि तिचे गुण काढून अहवाल लिहिण्यात दुपार. ती कसोटी कदाचित बिने-कामत असेल, व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली ती कसोटी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या वापरात राहिली. तीन माणसांचे तीन मंगळवार वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि त्यातलं ‘माणसांशी बोलणं’ किती तास, ‘लिहिणं’ किती तास, ‘वाट पाहणं’ किती तास अशी बेरीज केली, की डोळे मिटून पाहिलेल्या चित्राची बरीच डागडुजी होते.

४. कलचाचणी तालुका सांगते

इथे पालक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, एक कलचाचणी करून घेऊ. या कल्पनेला मोठा इतिहास आहे. अमेरिकेत बॉस्टनमध्ये १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं. त्यांचं सूत्र होतं: स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोन्हींची सांगड घाला. पुढे १९५९ मध्ये जॉन हॉलंड यांनी आवडींचे सहा गट मांडले. सोप्या शब्दांत ते असे: हातांनी करणारे, शोधणारे, कलावंत, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन पटवणारे आणि टापटिपीने नोंदी ठेवणारे. आजच्या बहुतेक कलचाचण्यांच्या मुळाशी हे सहा गट कुठे ना कुठे असतात, आणि त्या निरुपयोगी मुळीच नाहीत. दहावीच्या मुलाला समोर अंधारच दिसत असेल तर दिशा कळणं ही मोठी गोष्ट आहे.

पण मानसशास्त्र निवडून बसलेल्या विद्यार्थ्याला ती काय नवीन सांगणार? बहुधा एवढंच, की तू ‘माणसांत रमणाऱ्या’ गटात आहेस. त्या गटात बालवाडीची शिक्षिका आहे, परिचारिका आहे, समुपदेशक आहे, विशेष मुलांचा शिक्षक आहे आणि समाजकार्यकर्ताही आहे. चाचणीने तालुका सांगितला. गाव, गल्ली आणि घर पायी फिरूनच शोधायचं. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. निकालात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर आलेला गट पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो. ‘माणसांत रमणारा’ आणि पाठोपाठ ‘शोधणारा’ असा विद्यार्थी संशोधनाकडे वळू शकतो. ‘माणसांत रमणारा’ आणि पाठोपाठ ‘पटवणारा’ असा विद्यार्थी कंपनीच्या प्रशिक्षण विभागात खुलतो. पहिला गट वाचून चाचणीचा कागद घडी करून ठेवणारे निम्मी माहिती टाकून देतात.

५. पंधरा तास आणि एक कागद

आता प्रत्यक्ष प्रयोग कसा करायचा ते पाहू. समजा, मृणाल नावाची एस.वाय.बी.ए.ची विद्यार्थिनी आहे. एका सत्रात तिने तीन कामं निवडली, प्रत्येकी पाच तासांची. पहिलं, अंध विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक वाचून दाखवणं आणि त्याच्या सराव परीक्षेत लेखनिक म्हणून बसणं. दुसरं, विभागातल्या प्राध्यापकांच्या सर्वेक्षणाचे ६० फॉर्म संगणकात भरणं. प्रत्येकी ३० प्रश्न, म्हणजे १८०० नोंदी. तिसरं, विशेष मुलांच्या शाळेत शिक्षिकेला मदत करणं. सुरुवात करण्याआधी तिने एका कागदावर प्रत्येक काम किती आवडेल याला दहापैकी गुण दिले: वाचनाला ८, नोंदींना ३, शाळेला ९. दररोज काम संपलं की घरी पोचायच्या आत, बसमध्येच, त्या दिवसाचे गुण लिहायचे असं ठरवलं.

शाळेत तिला काय दिसलं? एक मुलगा बुटाची नाडी बांधायला शिकत होता. शिक्षिकेने त्या एका कामाचे तुकडे पाडले होते: दोन टोकं हातात धरणं, फुली करणं, एक टोक खालून घेणं, ओढणं, फास करणं. तक्त्यावर प्रत्येक तुकड्यापुढे रोजची खूण. पाच दिवसांत मुलगा ‘फुली’पर्यंत आला. मृणालच्या कागदावर शाळेचे गुण ७, ६, ४, ५, ५ असे पडले. तिला मुलं आवडली, पण त्या संथ गतीने ती अस्वस्थ झाली. नोंदींचे गुण मात्र ४ वरून ७ वर गेले, कारण विसाव्या फॉर्मनंतर तिला दिसू लागलं की ‘तुम्ही रोज व्यायाम करता का’ या प्रश्नाला जवळपास सगळेच ‘हो’ म्हणतात आणि ‘काल किती मिनिटं केलात’ ही जागा रिकामी सोडतात. लोक चांगलं दिसणारं उत्तर देतात, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतंच. इथे ते तिच्या हाती लागलं.

रोजच्या रोज लिहिण्याचा आग्रह कशासाठी, तेही सांगायला हवं. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना गार पाण्यात हात बुडवायला लावला: एकदा ६० सेकंद आणि एकदा ६० सेकंदांवर आणखी ३० सेकंद, मात्र त्या अर्ध्या मिनिटात पाणी किंचित कमी गार. पुन्हा कोणतं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं. त्रास त्यातच जास्त होता, पण शेवट बरा होता. इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी मुलांनी केलेलं भेटकार्ड मिळतं, सामोसे येतात, ग्रुप फोटो निघतो, आणि महिनाभराचा कंटाळा त्या फोटोत विरघळतो. बसमध्ये लिहिलेले आकडे विरघळत नाहीत. अर्थात पाच तासांवरून ‘मी विशेष शिक्षणासाठी नालायक’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे एका शितावरून जेवणावळीचा हिशेब मांडणं. मृणालच्या कागदाने तिला एवढंच सांगितलं, की कोणतं काम आणखी वीस तास करून पाहायचं आणि कोणत्या अंदाजावर विश्वास ठेवायचा नाही.

६. खोलीबाहेरचं मानसशास्त्र

मृणालसारख्या मुलीला आपल्याकडे लगेच सांगितलं जातं, की मग तू चुकीच्या विषयात आलीस. समुपदेशन म्हणजेच मानसशास्त्र, बाकी सगळं दुय्यम, हा समज इतका मुरलेला आहे की शिक्षकही कधीकधी त्यात सापडतात. कमला चौधरी यांचं उदाहरण पाहा. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत विक्रम साराभाईंनी अहमदाबादेत कापड गिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्था उभी केली, तेव्हा तिथे सूत आणि मागाबरोबर माणसांचाही अभ्यास व्हावा म्हणून मानसशास्त्राचा विभाग काढला गेला. तो कमला चौधरींनी सांभाळला आणि पुढे अहमदाबादच्या आयआयएमच्या उभारणीत त्या पहिल्या प्राध्यापकांपैकी होत्या. त्याच शहरात १९५३ मध्ये ब्रिटनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस यांनी कॅलिको गिरणीत एक प्रयोग केला. नवे स्वयंचलित माग आले होते, पण उत्पादन मनासारखं वाढत नव्हतं. राईस यांनी यंत्रं तशीच ठेवली आणि कामाची वाटणी बदलली: एकेका कामाला एकेक सुटा माणूस देण्याऐवजी ठरावीक मागांची जबाबदारी एका छोट्या गटावर. उत्पादन वाढलं, कापडातली खराबी घटली. इथे कुणाच्या बालपणाची चौकशी झाली नाही, तरी हे अस्सल मानसशास्त्रच.

सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीमध्ये उमेदवाराला ६० शब्द दाखवतात, प्रत्येकी १५ सेकंद, आणि सुचेल ते वाक्य लिहायला लावतात. ती वाक्यं वाचायला मानसशास्त्रज्ञ बसलेले असतात. बँकेचं ॲप वापरताना आजोबा नेमके कुठे अडतात हे शेजारी बसून टिपणारा संशोधकही याच विषयातून येऊ शकतो. या सगळ्या ठिकाणी एकच गोष्ट लागते, आणि ती म्हणजे स्टॅटिस्टिक्स. गणित सुटावं म्हणून आर्ट्सला आलेल्या मुलाला सेकंड इयरला ते दारात उभं दिसतं, आणि इतर पेपरांपेक्षा याच पेपराला नोकरीच्या बाजारात अधिक मोल आहे, हे कुणी वेळेवर सांगत नाही.

७. घाई काय आहे, वेळ कुठे आहे

एक आक्षेप असा: आत्तापासून हे कशाला, एम.ए.ला गेल्यावर बघू. याचं उत्तर आर्क्स आणि ब्लूमर यांच्या १९८५ च्या प्रयोगात आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत तिकीट दिलं. कुणाला काय मिळेल हे नशिबावर. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटक तेच होतं, खिशातून गेलेले पैसे त्यांना ओढत होते. पडेल सिनेमाही ‘तिकीट काढलंय ना’ म्हणून शेवटपर्यंत बघतो, तसं. पाच वर्षं आणि वडिलांची लाखभर फी गेल्यावर ‘हे माझं काम नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. एस.वाय.ला पंधरा तास गेल्यावर ते सहज निघतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सकाळी कॉलेज आणि दुपारी दुकानात किंवा ‘कमवा आणि शिका’मध्ये राबणाऱ्याने असे उपक्रम करायचे कधी? प्रमाणपत्रांच्या शर्यतीत तो मागेच पडणार. पण प्रयोग म्हणून पाहिलं तर त्याची स्थिती इतकी वाईट नाही. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असलेला मुलगा रोज चार तास माणसं पाहतो. झोपेची गोळी मागताना आवाज कसा उतरतो, डॉक्टरांची चिठ्ठी नाही असं सांगताना लोक कोणती कारणं देतात, हे त्याला दिसतं. नावं न लिहिता, कुणाची ओळख न देता, त्याने आपल्याच कामाचे रोजचे गुण मांडले तर त्याच्या कागदाला मृणालच्या कागदाइतकीच किंमत आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत असलेल्यांचे तर दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर आधीच ठरलेलं असतं. त्यातले पंधरा तास या कागदावर आणायला वेगळा वेळ लागत नाही. नव्या अभ्यासक्रमांतल्या फील्ड प्रोजेक्टचंही तसंच.

तिसरी गोष्ट आक्षेप कमी, धोका जास्त. शोध घेण्याच्या नादात विद्यार्थी मित्रांवर उपचार करू लागतात, मामेभावाची चाचणी घेऊन व्हॉट्सॲपवर निष्कर्ष पाठवतात. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या काळात मानसिक विकार असल्याचं आढळलं. म्हणजे चाळीस जणांच्या ओळखीत खरोखरच उपचारांची गरज असलेलं कुणीतरी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तिथे शिकाऊ हात चालत नाही. ऐकून घ्यावं, गांभीर्याने घ्यावं आणि शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक हातात द्यावा. प्रमाणित चाचण्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, प्रॅक्टिकलच्या जर्नलपुरत्याच.

राहता राहिली एक व्यवहाराची गोष्ट, जिच्यावर निम्मे बेत फसतात. विशेष शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, रुग्णालयं विद्यार्थ्याला विभागप्रमुखांच्या पत्राशिवाय आत घेत नाहीत, आणि घेऊही नये. पत्र टाइप होतं, सहीला जातं, प्राचार्य दौऱ्यावर असतात, शिक्का दुसऱ्या टेबलावर असतो; मग समोरच्या संस्थेचं उत्तर यायला आणखी पंधरा दिवस. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर अर्ज गणपतीच्या आधी द्यावा, आणि त्यात तास आणि तारखा स्पष्ट लिहाव्यात. ‘अनुभवासाठी’ एवढंच लिहिलेला अर्ज बहुतेक ठिकाणी फायलीतच राहतो.